लाल दोऱ्याचं गाळणं

जगदेव, एक सांग बरं मला. जुनी मोटर घ्यायची झाली तर माणसानं भरवसा कोणावर ठेवावा? विकणाऱ्यावर, चालवणाऱ्यावर, की मोटरीवर?

विकणाऱ्यावर ठेवू नये, हे मी दुकानदार असून सांगतो. चालवणाऱ्यावर ठेवावा, पण तो घाबरलेला नसेल तोवरच. आणि मोटरीवर... थांब, कंदिलाची वात जरा खाली कर, डोळ्यावर येते. तुम्हीही टेका रे ओट्यावर. वाशीमची बस आता येत नाही. यायची असती तर नऊलाच आली असती.

तू किन्हीराजाची ती लष्करी जीप घेतोस असं बाजारात कानावर आलं. घे. सौद्यात मोडता घालायची मला सवय नाही. पण त्या गाडीला मी पहिल्या दिवसापासून ओळखतो, आणि तिची एक रात्र मालेगावातल्या माझ्या याच दारातून निघाली होती. ती ऐक आणि मग इसार दे.

फुलचंद माझा लहानपणचा सोबती. किन्हीराजात त्याचं धान्याचं दुकान. लढाई संपल्यावर लष्करानं जुन्या गाड्या लिलावात काढल्या, तेव्हा यानं ही उचलली. दारं नाहीत. छत म्हणून मेणकापडाचं एक लक्तर. पुढची काच बोनेटवर आडवी पडायची ती मनाला येईल तेव्हा. पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या बुडाखाली, आणि गिअरच्या दांड्याशेजारी अजून दोन दांडे, त्यातला एक पुढच्या चाकांना जोर द्यायचा. गावानं तिचं नाव ‘टोळ’ ठेवलं. रंग हिरवा, चाल उड्यांची.

मी एकदाच तिच्यात बसलो, शिरपूरच्या देवळापर्यंत. पायाखालचा पत्रा असा तापला की वहाणांचं चामडं वास मारायला लागलं. धरायला एक कडी होती, ती हातात आली. उतरलो तेव्हा दात जागेवर आहेत का, ते जिभेनं चाचपून पाहिलं. ड्रायव्हर हेमसिंग म्हणतो कसा, “सेठ, हे बसाची मोटर नाई. हे धरून ठेवाची मोटर आहे.” हेमसिंग तांड्यावरचा गडी. लढाईत ब्रह्मदेशाच्या चिखलात गाड्या हाकून आलेला. टोळाला शिव्या द्यायचा त्या गोरमाटीत, तांड्याच्या बोलीत; आम्हाला त्या आशीर्वादासारख्या वाटायच्या.

पण सगळ्यात उलटी गोष्ट तिचं चाक. ते डाव्या हाताला. परदेशी लष्कराची बनावट. आपल्याकडं ड्रायव्हर उजवीकडं बसतो. टोळात उजवीकडं फुलचंद बसायचा, हात मोकळे सोडून. त्यानं आळस द्यायला दोन्ही हात वर केले की रस्त्यावरच्या बाया किंचाळायच्या, “अवो माय, यानं तं चाकच सोडलं!” नाक्यावरचा शिपाई लायसन मागायचा तेही फुलचंदलाच. लोक आम्हाला विचारायचे, तुमच्या सेठची गाडी आपल्या मनानं चालते का? आम्ही म्हणायचो, हो.

हे उजवीकडचं लक्षात ठेव.

आता आमच्या जैनांच्या घरातलं एक सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्ही पाणी गाळून पितो, हे तुला ठाऊक आहे. गाळल्यावर कापडात जे राहतं, डोळ्याला दिसो न दिसो, त्याला जिवाणी म्हणतात. त्यात जीव असतात. ती मोरीत फेकायची नसते. कापड उलटं धरून, वरून गाळलेलं पाणी सोडून, ती हलकेच परत पाण्यात द्यायची. आणि ज्या विहिरीची, त्याच विहिरीत. शेजारच्या विहिरीतही चालत नाही. ज्याचं घर तिथं तो सुटला पाहिजे.

फुलचंदची आई अंगुरीबाई या बाबतीत लोखंड होती. एकदा लेकाच्या दुकानात तिनं जिवाणी नालीत टाकलेली पाहिली. ताटावरून उठली आणि केनवडला थोरल्या सुनेकडं, प्रेमाबाईकडं निघून गेली. प्रेमाबाई बिचारी विधवा, तिनं सांभाळलं. पण म्हातारीनं दोन वर्षं फुलचंदच्या हातचं पाणी घेतलं नाही. हा दर महिन्याला जायचा, उंबऱ्यात बसायचा, परत यायचा. तेव्हापासून मात्र पाणी गाळण्यात त्याच्याइतका कडक माणूस या मुलखात नव्हता. दुकानातला माठ तो दुसऱ्या कोणाला भरू देत नसे.

आता ती रात्र. रविवार, तीस मे, एकोणीसशे चोपन्न. वैशाख वद्य, सकाळी तेरस, सांजेला चवदस. दिवे लागायला प्रेमाबाईची चिठ्ठी किन्हीराजाला पोचली. आईंनी शुक्रवारपासून निर्जळी उपास धरला आहे. उद्या सोमवारी सूर्य उगवल्यावर पारणं आहे, पण म्हणतात, फुलचंदच्या हातचं पाणी असेल तरच, नाहीतर चौथा दिवस धरीन. वैद्य म्हणतात, चौथा दिवस निघणार नाही. ताबडतोब या.

वय बहात्तर. मे महिना. आणि बघ, दोन वर्षांचा राग म्हातारीनं आपण होऊन सोडला होता. लेकानं फक्त उजाडायच्या आत केनवडला पोचायचं होतं. एवढंच काम.

टोळाचं एक चाक बसलं होतं, ते चढवून निघायला उशीर झाला. पावणेअकराला फट्‌फट् करत माझ्या दारात.  हेमसिंगनं रेडिएटर भरला, मागच्या डब्यात पाणी घेतलं. फुलचंद घाईत गाळणं घरी विसरून आला होता. माझ्या बायकोनं, चतुराबाईनं, नवं गाळणं काढून दिलं. दुहेरी जाड पांढरं कापड, कडेला लाल दोऱ्याची शिवण. तिच्या हातची.

“भाऊजी, कोरं आहे. वापस आणजा बरं,” ती म्हणाली.

“सकायी तुमच्या इहिरीवर असंल समजा, वहिनी,” फुलचंद म्हणाला.

हेमसिंग हसला. “सेठ, इंजिनलेबी गाळूनच पाजान काय? त्याले कोनता धरम?”

“त्याले नसंल. पाजनाऱ्याले आहे ना, बाबू.”

गेले. लाल दिवा वळणापाशी दिसेनासा झाला आणि मी दार लावलं. इथून पुढचं मला फुलचंदनं सांगितलं, आणि वेगळं बसवून हेमसिंगनं सांगितलं. दोघांचं बोलणं मी ताडून पाहिलं. कुठं फरक नाही. फरक असता तर बरं झालं असतं.

इथून केनवडचा बारा मैलांचा रस्ता तेव्हा नावाचा रस्ता. मधेमधे गिट्टी, बाकी बैलगाडीच्या चाकोऱ्या. टोळाचं चाक पाव फेरा फिरवावं तेव्हा गाडी जरा विचार करून वळायची. दिवे पिवळे, दहा हातांवर संपणारे. पाचव्या मैलाच्या चढाला हेमसिंगनं पुढच्या चाकांचा दांडा खाली ओढला, आणि गाडी जात्यासारखी घरघरत, पायापायानं चढायला लागली. वर पोचता पोचता रेडिएटरनं शिट्टी घातली. अर्धा तास थांबले. डब्यातलं निम्मं पाणी ओतलं.

आठव्या मैलावर पुन्हा वाफ. फुलचंदनं डबा उचलला. हलका. झाकणाचं रबर गेलं होतं. उरलेलं पाणी हिंदकळून वाटेत सांडलं होतं.

रात्रीचा दीड. केनवड चार मैल.

“सेठ, आता पानी पाजलं नाई तं इंजिन धरते.”

रस्त्याच्या उजव्या अंगाला दिव्याच्या कडेला एक कठडा दिसला. विहीर. पलीकडं पडक्या भिंतींच्या चार-सहा ओळी.

“ते पाहा.”

हेमसिंगनं तिकडं पाहिलंच नाही. “ते इहीर नाई, सेठ. म्होरं पाहू.”

“म्होरं कुठी? चार मैल उडून जाऊ काय? मायचं पारनं आहे.”

“तिथं तांडा होता. दौलतसिंग नायकाचा. इहीर आटली म्हनून तांडा उठला. अकरा वर्सं झाले.”

फुलचंदनं उतरून खडा उचलला, कठड्यावरून आत टाकला.

डुबुक.

“पानी आहे ना बे!”

हेमसिंग म्हणाला, “म्हनूनच म्हनून राह्यलो.”

पण वेळ कुठं होता? बॅटरी मेलेली, हॅण्डल वाकलेलं; इंजिन बंद केलं तर पुन्हा लागेल याचा नेम नाही. म्हणून हेमसिंग डावीकडं चाकावर बसून राहिला, पाय अॅक्सिलेटरवर ठेवून. फुलचंदनं लष्करी कॅनव्हासची बादली दोरानं खाली सोडली. पाणी फार खाली नव्हतं. हाताला गार लागलं, वैशाखात लागू नये इतकं गार. डब्याच्या तोंडाला त्यानं गाळणं बांधलं. घाई होती तरी बांधलं, हे मी तुला मुद्दाम सांगतो. तीन बादल्यांत डबा भरला. सगळा रेडिएटरमध्ये ओतून रिकामा डबा हेमसिंगच्या पायाशी टाकला. टोळ निवला. इंजिनाचा आवाज सरळ झाला.

राहिली जिवाणी. आधीच सोडून ठेवलेल्या गाळण्याचे चारी कोपरे धरून तो कठड्याकडं वळला.

तेवढ्यात मागून आवाज आला.

“ड्रायव्हर...”

फुलचंदनं वळून पाहिलं. टोळाच्या उजव्या बाजूला एक म्हातारी उभी होती. दिव्याच्या मागं, अंधारात, नुसता आकार. वाकलेली. एक हात गाडीच्या कडेवर. ती उजव्या सीटकडं तोंड करून बोलत होती. त्या रिकाम्या सीटकडं.

“ड्रायव्हर, लय पानी नेऊन राह्यला रे. माह्यासाठी मांगं काय ठेवलं?”

डावीकडं हेमसिंग बसला होता. चाकाला दोन्ही हातांनी धरून. त्यानं मान वळवली नाही. त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता.

फुलचंदला वाटलं, कोणी वाट चुकलेली बाई असेल. त्यानं कठड्यापासूनच हाक दिली, “माय, गाळून नेऊन राह्यलो. जिवानी वापस टाकतो, थांब.”

म्हातारी वळली नाही. रिकाम्या सीटकडंच बघत राहिली.

आणि उत्तर आलं.

विहिरीतून.

“टाक.”

तोच आवाज. खालून. जवळून.

...

फुलचंदनं खाली पाहिलं नाही. जिवाणी टाकायला एक पळ लागला असता, जगदेव. एक पळ. कापड उलटं करायचं, झालं. पण हात पुढं जाईना. तो पळाला. पळत येऊन उजव्या सीटवर पडला. म्हातारी तिथं नव्हती.

सीट ओली होती.

“चाल! चाल, हेमसिंग!”

टोळ उडाला. गाळणं फुलचंदच्या मुठीत तसंच. जिवाणीसकट.

अर्धा मैल गेला. मग हेमसिंगनं बोटानं काटा दाखवला. गरमीचा काटा. तो खाली पडला होता, अगदी तळाला. भर वैशाखात, भरधाव हाकलेल्या गाडीचं इंजिन थंड. पायाखालचा पत्रा, ज्यानं माझ्या वहाणा भाजल्या होत्या, तो फरशीसारखा गार.

गाडी मात्र जड झाली. मागून बसली. सपाटीला हेमसिंगला खालचा गिअर टाकावा लागला. आणि दर गचक्याला मागं एक आवाज. विहिरीच्या कठड्याला बादली आपटावी तसा.

ठण्... ठण्...

“डबा आहे,” फुलचंद म्हणाला.

“डबा माह्या पायाशी आहे, सेठ.”

...

“मांगं पाहू नका.”

समोरून एक बैलगाडी आली. लग्नाहून परतणारी असावी. गाडीवानानं बैल बाजूला घेतले, कंदील वर धरला आणि नेहमीप्रमाणं उजवीकडच्या माणसाला, फुलचंदला, ओरडून म्हणाला,

“ओ ड्रायव्हर! बुढीले मांगं काहून उभं केलं? बसव ना तिले! पडंल ना!”

कंदील मागं गेला. पुन्हा अंधार.

फुलचंदच्या मानेवर थेंब पडला. गार. मग दुसरा. मग कानापाशी कोणीतरी कोरड्या घशानं आवंढा गिळला.

त्यानं मूठ उघडली आणि गाळणं बाहेर भिरकावलं.

गाडी एकदम हलकी झाली. इतकी, की पुढं उसळून चाकोरीबाहेर गेली. मागं रस्त्यावर ओलं कापड पडल्याचा आवाज आला. चट्.

मग काही नाही. इंजिन तापायला लागलं. हेमसिंग रडत होता आणि गाडी चालवत होता.

साडेतीनला केनवड. उजाडायच्या आत. पोचला ना लेक? पोचला.

अंगुरीबाई भिंतीला टेकून बसली होती. डोळे आत, ओठांना भेगा, पण नजर शाबूत. लेकाला पाहिलं आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसली. फुलचंदनं पाय धरले. सूर्य वर आला. प्रेमाबाईनं उकळून निवलेलं पाणी लोट्यात आणलं, त्याच्या हातात दिलं.

म्हातारीनं विचारलं, “वाटेत पानी घ्या लागलं?”

“गाडीले लागलं, माय.”

“गाळलं?”

“गाळलं.”

“जिवानी?”

फुलचंद मला म्हणाला, लखमीचंद, त्या वेळी खरं बोलायला काय हरकत होती? आई रागावली असती, एवढंच. पण दोन वर्षांनी ती हसली होती रे...

“टाकली,” तो म्हणाला.

“ज्या इहिरीची, तिच्यातच?”

“हो, माय.”

म्हातारीनं समाधानानं डोळे मिटले. ओंजळ पुढं केली. फुलचंदनं लोटा वाकवला.

काही पडलं नाही.

“रिकामा आनला का रे?”

प्रेमाबाईला वाटलं, आपल्याच हातून चूक झाली. दुसरा लोटा भरून आणला. गच्च भरलेला, तिच्या बोटांवर सांडत होता. फुलचंदच्या हातात आला आणि हलका झाला. वाकवला. कोरडा.

म्हातारीचे डोळे उघडले.

तिसरा लोटा. या वेळी फुलचंद आत बघत राहिला. पाणी होतं. त्याच्या डोळ्यांदेखत ते खाली गेलं. सांडलं नाही, गळलं नाही. खाली... खाली... विहीर आटते तसं. मग नुसता पितळी तळ.

 बाहेर टोळाचा पत्रा कोवळ्या उन्हात टकटक करत होता.

“खरं सांग,” अंगुरीबाई म्हणाली.

त्यानं सांगितलं. सगळं. म्हातारी ऐकत राहिली. मग म्हणाली, “पारनं तुह्याच हातचं. पन पयले तिचं. जाय, तिचं तिले देऊन ये. तोवर मी आहो.”

प्रेमाबाई म्हणाली, “आत्याबाई, माह्या हातचं घ्या, एक घोट...” म्हातारीनं मान हलवली.

धक्के मारून टोळ पुन्हा सुरू केला. चार मैल मागं. वाटेत गाळणं जिथं टाकलं होतं ती जागा सापडली, कारण धुळीत घोंगडीएवढा ओला डाग होता. वैशाखात, सकाळी सातच्या उन्हात, ओला. गाळणं नव्हतं.

विहिरीवर आले. फुलचंदनं खडा टाकला.

टक्.

आत वाकून पाहिलं. तळाला भेगाळलेला गाळ, वर बाभळीच्या काट्या. अकरा वर्षांत तिथं थेंब नव्हता, हे लहान पोरालाही कळलं असतं. कठड्यावर मात्र कॅनव्हासच्या बादलीचा गोल ओला ठसा होता.

तेव्हा हेमसिंग बोलला. “ते भुरीबाई होती, सेठ. माही मोठी माय. तांडा उठला तवा तिले चालता येत नव्हतं. पान्याचा एक हंडा जवळ ठेवला, म्हने सांजच्याले गाडी घेऊन येतो. वाटेत आख मोडला. तिसऱ्या दिवशी आले. मी तवा ब्रह्मदेशात होतो. हंडा फुटेल होता, अन् बुढी... इथंच होती. कठड्याशी.” मग म्हणाला, “तिले वाटे गाडी येनार आहे. अन् ड्रायव्हर उजवीकडंच बसते ना, सेठ.”

फुलचंदजवळ परत द्यायला काही नव्हतं. जिवाणी गेली, गाळणं गेलं. तो कठड्याशी बसून राहिला. उन्हं चढत होती, आणि चार मैलांवर आई वाट बघत होती. मग तो उठला.

“टोळाच्या पोटात पानी कोनतं आहे, हेमसिंग?”

“इथलंच.”

“काढ.”

“मंग गाडी चालनार नाई, सेठ.”

“काढ म्हनतो ना!”

हेमसिंगनं इंजिन बंद केलं, खाली शिरून रेडिएटरची तोटी सोडली. जगदेव, जुन्या रेडिएटरचं पाणी कसं असतं ते तुला आता कळेलच. गंजानं तांबडं, आणि नुकतं चालून आलं की चटका देणारं. डब्यात पडलं ते स्वच्छ होतं. आणि गार. फुलचंदनं डबा उचलला, कठड्यावर ओणवा झाला आणि सगळा आत ओतला.

पाणी पडल्याचा आवाज आला नाही.

घोट घेतल्याचा आवाज आला. एक... दोन... मग घाईघाईनं, एकामागं एक. मग बराच वेळ काही नाही. मग एक सुस्कारा.

हेमसिंग तिथंच थांबला. तो म्हणाला, मी इथं बसतो, तिनं लय वाट पाह्यली. फुलचंद निघाला. वय सत्तेचाळीस, डोक्यावर टोपी नाही, पायात एकच वहाण, दुसरी कुठं गेली ते त्याला माहीत नाही. चार मैल. धावला, चालला, धावला. केनवडला पोचला तेव्हा दहा वाजून गेले होते.

अंगुरीबाई आडवी होती. प्रेमाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. फुलचंदनं लोटा घेतला. या वेळी पाणी राहिलं. म्हातारी तीन घोट प्याली. मग लेकाच्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली,

“खरं बोलला रे. पन तीन लोटे उशिरा.”

त्याच दिवशी, दिवे लागायच्या वेळेला, ती गेली.

फुलचंद त्यानंतर टोळात बसला नाही. आता तो विकायला काढलाय, म्हणजे निम्म्या भावातही देईल. घासाघीस करू नकोस.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती दुसऱ्याची म्हणून सांगितली असती. पण त्याच सोमवारी, पहाटे पाचला, म्हणजे टोळ बारा मैलांवर केनवडच्या दारात उभा असताना, चतुराबाई आमच्या मागच्या विहिरीवर पाणी शेंदायला गेली आणि तिथूनच मला हाक मारली. “अवो, फुलचंद भाऊजी येऊन गेले काय? गाळनं ठेवून गेले.”

रहाटाच्या चाकावर घडी घालून ठेवलेलं. पांढरं, कडेला लाल दोरा. ओलं.

मी म्हटलं, वाळत टाक. टाकलं. वैशाखाच्या उन्हात दिवसभर. चार उन्हाळे झाले, जगदेव.

आतल्या खोलीत खिळ्याला टांगलं आहे. खाली पितळेचा गंज, म्हणजे उभं पातेलं, ठेवलाय. रात्रभर थेंब पडतो, आम्ही दोघं ऐकतो. सकाळी पाहावं तर गंज कोरडा.

मी व्यापारी माणूस. कोणाचं काय आहे ते मला कळतं. कापड माझ्या घरचं आहे, त्यातली ओल माझी नाही. ती द्यायला इथून आठ मैल जावं लागतं. चार वर्षांत मी गेलो नाही. दर वेळी काहीतरी काम निघालं.

...

ऐकलंस? नाही, उंदीर नाही.

तू गाडी घे. गाडीत दोष नाही. पण तिच्यासाठी एक वही ठेव. कुठल्या विहिरीचं किती पाणी घेतलंस, तिला परत काय दिलंस, रोज लिही आणि खरं लिही. आणि पहिल्या पानावर माझं नाव घाल: लखमीचंद, मालेगाव. गाळणं एक, लाल दोऱ्याचं, ओलं. परत करायचं राहिलं.